गाणे कुणाच्या कानावर पडावे?

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘कानावर पडणे’ असे दोन निराळे प्रयोग आहेत. ऐकण्यात आपली इच्छा असते; कानावर जे पडते ते न बोलावता येते. खिशात मावणाऱ्या डिजिटल प्लेअरने यांपैकी पहिल्या गोष्टीची इतकी उत्तम सोय करून दिली आहे की दुसरी हळूहळू नाहीशी होत चालली आहे, आणि तिच्या जाण्याची कुणाला फारशी खंतही वाटत नाही. प्रस्तुत लेखात मला एवढ्याच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. तसला एक प्लेअर माझ्यापाशी आहे आणि तो रोजच्या वापरात आहे. फोनवरही गाणी वाजतात हे मला ठाऊक आहे. परंतु विलंबित ख्याल रंगात आला असता मध्येच बँकेचा निरोप येऊन टिणटिण वाजावी हे मला सोसत नाही, म्हणून हे वेगळे यंत्र.

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी उज्जैनला राहतो. आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी इतक्या दूर माळव्यात काय करतो, असे वाचकांना वाटेल. पण आपल्याकडच्या माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी येथे होती. महाकालेश्वराचे आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात उभारले. छत्री चौकातले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. जुन्या वस्तीत हिंदीच्या वळणाची मराठी बोलणारी घरे अजून भेटतात. आणि सर्वांत मोठे नाते म्हणजे येथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर असलेले देवास. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ पासून १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या गावी राहिले. त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम उज्जैनचे आवाज. हे शहर पहाटे चारच्या भस्मारतीपूर्वीच जागे होते. मग घंटा, फेरीवाले, ई-रिक्षांचे भोंगे, यात्रेकरूंच्या झुंडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून ही गर्दी फारच वाढली आहे. लग्नसराईत वरातीचा डीजे गल्लीतून गेला म्हणजे खिडकीच्या काचा थरथरतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावू नयेत असा नियम देशात २००० सालापासून आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ध्वनिवर्धकांवर पुन्हा नव्याने निर्बंध घातले. तरी ज्याला झोपायचे आहे त्याचे कान अखेर त्यालाच सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी कुणी इअरफोन लावून आपल्यापुरते एक शांत घर बांधले तर त्याला मी दोष देणार नाही. मीही बांधतो. सक्तीने ऐकवलेल्या आवाजाला ‘कानावर पडणे’ म्हणत नाहीत. त्याला कानावर आदळणे म्हणतात.

परंतु हे घर बांधून झाल्यावर आपण त्यातून बाहेर येतच नाही. सकाळी पोहे-जिलबीच्या गाडीपाशी उभी असलेली कॉलेजची मुले पाहावीत. सहाजण एका कोंडाळ्यात उभे, आणि सहाही जणांच्या कानांत सहा वेगळी गाणी. शेव जरा जास्त घाल, हे गाडीवाल्याला खुणेने सांगायचे!

थोडा हिशेब करू. एमपी-थ्री पद्धतीने साधारण दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा घेते. कॉम्पॅक्ट डिस्कवर त्यालाच अकरापट जागा लागे. एका मोठ्या स्वराजवळचा बारीक आवाज कानाला सहसा जाणवत नाही, म्हणून तो गाळून टाकायचा, ही यातली युक्ती. (तंबोऱ्यातले अगदी सूक्ष्म स्वर या चाळणीत कितपत उरतात, हे संगीताच्या प्राध्यापकांनी एकदा ताडून पाहावे.) या हिशेबाने ३२ गिगाबाइटच्या, नखाएवढ्या कार्डावर जे मावते ते दिवसरात्र न थांबता ऐकले तरी बावीस-तेवीस दिवस पुरेल. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असत.

या साडेतीन मिनिटांनी काय घडवले ते पाहा. बालपणी कुमार गंधर्वांनी थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उचलली होती, आणि त्या वयात मैफली गाजवल्या त्या त्याच बळावर. १९३६ च्या सुमारास ते मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकावयास गेले ते त्यानंतर. तेव्हा यंत्रामुळे संगीत बिघडते असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तीन मिनिटांची तबकडी पुन्हा पुन्हा लावली जाते, तिच्यातली जागा न् जागा पाठ होते. माझ्या प्लेअरमध्ये पडलेल्या शेकडो तासांपैकी किती तास मी दोनदा ऐकले असतील? आवडले नाही की बोट पुढे सरकते. भैरव संपतो न संपतो तो मालकंस सुरू होतो, आणि घड्याळात दुपारचे दोन वाजलेले असतात.

दुसरे उदाहरण गदगचे. शाळेच्या वाटेवरील दुकानात लागणारी तबकडी ऐकण्यासाठी लहानगा भीमसेन जोशी थांबत असे, आणि तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून त्याला गाण्याचे वेड लागले, ही हकीकत आपल्या भागात सर्वांना तोंडपाठ आहे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. या हकीकतीत मला जी गोष्ट फार महत्त्वाची वाटते तिचा उल्लेख सहसा कुणी करीत नाही. ती तबकडी त्या मुलाची नव्हती, ग्रामोफोन त्याचा नव्हता, आणि कोणते गाणे लावावे हेही त्याला कुणी विचारले नव्हते. दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकांसाठी लावलेले गाणे रस्त्यावर सांडले आणि ते एका मुलाच्या कानावर पडले. दुकानदार इअरफोन लावून बसला असता तर?

आणि आता देवास. कुमार गंधर्व येथे आले ते क्षयाने आजारी होऊन, हवापालटासाठी. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते, त्याने ते वाचले. पण कित्येक वर्षे गाण्याला बंदी होती. ज्याचा गळा बंद आहे अशा गवयापाशी दिवसभर उरतात ते फक्त कान. टेकडीजवळच्या घरात पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर जे पडले ते माळव्यातल्या बायकांचे गाणे, वाटेने जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने, सणावाराचे सूर. बरे झाल्यावर त्यांनी ही लोकगीते जमवली, त्यांची स्वरलिपी केली, लोकधुनांतून नवे राग उभे केले; त्यांना ते ‘धुन-उगम राग’ म्हणत. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. निर्गुणी भजने मैफलीत आली तीही येथूनच. बालपणी तबकडीने त्यांना दुसऱ्यांचे गाणे दिले होते. स्वतःचे गाणे त्यांना उघड्या खिडकीने दिले, असे मला वाटते. त्या आजारपणात कुणा हितचिंतकाने आजच्यासारखे यंत्र आणून दिले असते, त्यात भारतातले झाडून सारे गवई भरलेले असते, तर रुग्णाचा वेळ निःसंशय छान गेला असता. आणि खिडकीखालून गात जाणारा जोगी तसाच पुढे निघून गेला असता.

ही परंपरा कुमारांपाशीच थांबली असेही नाही. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडी गावचे प्रल्हादसिंह टिपानिया हे शाळामास्तर तंबुऱ्याच्या नादाने असेच ओढले गेले आणि कबीराची भजने माळवी ढंगात गाऊ लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कॅसेटी या भागात खेडोपाडी वाजल्या. कॅसेट एकाने विकत घ्यायची आणि आळीने ऐकायची, असा तेव्हाचा रिवाज!

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला, तेव्हा खुद्द कंपनीलाही ही शंका आली होती. एकट्यानेच गाणे ऐकत बसणे हा शेजारच्याचा अपमान होईल, असे अकिओ मोरिता यांना वाटले. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके होती, आणि गाणे चालू असता दुसऱ्याशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. पुढच्या काळात ते बटण गेले. पुढे २००१ मध्ये ‘आयपॉड’ आला, हजार गाणी खिशात मावतात म्हणून जगभर गाजला, आणि मे २०२२ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. यंत्रे येतात आणि जातात. दुसरे भोक मात्र परत आले नाही.

कुणी म्हणेल, मग काय बसमध्ये प्रत्येकाने आपापले गाणे मोठ्याने लावावे? मुळीच नाही. तो उपद्रव मी रोज सोसतो. आणि कानाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहेच. ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपेक्षा अधिक ऐकू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मानकात सांगितले आहे, आणि बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवणारे ही मर्यादा सहज ओलांडतात. पण कर्णा आणि कानातले बोंडूक यांच्यामध्ये पुष्कळ जागा मोकळी आहे. फ्रीगंजात माझ्या वाटेवर एक शिंपी आहेत. त्यांच्या मशीनशेजारी ‘कारवाँ’ नावाचे यंत्र असते. २०१७ साली ‘सारेगामा’ने काढलेला हा प्लेअर. दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली, आणि आवाज उघडा. दुकानाच्या उंबऱ्यापलीकडे चार पावलांवर तो विरतो. काज करणारा मुलगा ऐकतो, माप द्यायला आलेला ऐकतो, समोरचा चहावाला मध्येच एखादी ओळ चुकीची गुणगुणतो. काजवाल्या मुलाला तलत महमूद कोण हे तेथेच कळले. त्याने आपण होऊन ते नाव कधी शोधले असते असे मला वाटत नाही, कारण जे नाव ठाऊकच नाही ते शोधायचे कसे?

म्हणून संपादकांना आणि प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड असे दोन्ही विद्यार्थी आहेत, आणि या वार्षिकाप्रमाणेच पुष्कळदा एकाच छताखाली दोन निरनिराळ्या विभागांत राहतात. आठवड्यातून एक दुपार, ग्रंथालयाशेजारच्या एखाद्या खोलीत, एका विद्यार्थ्याने आपल्या प्लेअरमधली एकच चीज आणावी आणि साध्या स्पीकरवर सर्वांना ऐकवावी. कन्नड विद्यार्थ्याने आणलेली असेल तर मराठी मुलांनी अर्थ विचारावा, उलटही तसेच. भाषण नको, गुण नकोत, हजेरी तर नकोच. आवडले नाही तरी बोट पुढे सरकवता येणार नाही, एवढीच अट.

पहिल्या दुपारसाठी या लेखासोबत एक ध्वनिमुद्रण पाठवीत आहे. माझ्या प्लेअरला ध्वनिमुद्रणाचीही सोय आहे. रामघाटावर संध्याकाळी एक वृद्ध भजनी गात होते, त्यांची परवानगी घेऊन सात-आठ मिनिटे टिपून घेतली. मध्ये दोनदा भोंगा वाजतो आणि एका बाईंनी कुणाला तरी पाण्यापासून लांब राहायला सांगितलेले ऐकू येते. ते मी काढून टाकलेले नाही.