विश्लेषण: वजन ‘नॉर्मल’, तरी हृदयाला धोका? मधुमेहींनी काट्यापेक्षा टेपवर विश्वास का ठेवावा?

‘मला शुगर आहे, पण वजन एकदम नॉर्मल आहे.’ हे वाक्य आपण घरात, ऑफिसात, कट्ट्यावर नेहमी ऐकतो. त्यात एक दिलासा दडलेला असतो: जाड नाही, म्हणजे हृदय सुरक्षित. पण हा दिलासा अनेकदा खोटा ठरतो. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा जोरात असताना, नेमकं काय कमी करायचं आहे हे समजून घेणं गरजेचं आहे.

बीएमआयचं नेमकं चुकतं कुठे?

वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन ६२ किलो असेल, तर तो येतो सुमारे २२.८. जगभर २५ पर्यंतचा आकडा ‘नॉर्मल’ धरला जातो. पण त्या ६२ किलोंत स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी साठली कुठे, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही.

याचं प्रसिद्ध उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला आणि ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून गाजला.

भारतीयांमध्येच असं का?

याचं एक मूळ जन्माआधीच्या काळात आहे. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तिथल्यांचं ३.५ किलो. पण वजन कमी असलं, तरी आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे हातपाय बारीक, पण चरबी टिकून, अशी ही ‘थिन-फॅट’ ठेवण.

म्हणूनच भारतीयांसाठी निकष कडक आहेत. आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जादा वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा मानला जातो. कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे.

पोटाच्या चरबीचा हृदयाशी काय संबंध?

मांड्यांवर किंवा नितंबांवर त्वचेखाली साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. त्रास देते ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात पोहोचतात. परिणामी, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात आणि ‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल घटतं. सोबत शरीरात सौम्य पण कायमची जळजळ सुरू राहते आणि रक्तदाबही चढतो.

मधुमेहात रक्तातली जादा साखर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आधीच इजा करत असते. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. त्यात पोटाची चरबी म्हणजे आगीत तेल. शिवाय मधुमेहाने नसांवर परिणाम झाला असेल, तर हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच असं नाही. नुसता दम लागणं, घाम येणं किंवा अचानक थकवा एवढ्यावरच लक्षणं थांबू शकतात.

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हार्ट अटॅकच्या धोक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरावरून अधिक चांगला येतो, असं दिसलं होतं.

हा प्रश्न किती मोठा आहे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासात बीएमआयनुसार लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के, पण पोटाचा लठ्ठपणा असलेले ३९.५ टक्के आढळले. म्हणजे केवळ काट्यावर भरवसा ठेवला, तर फार मोठी संख्या नजरेतून निसटते. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही लठ्ठपणाचं निदान निव्वळ बीएमआयवर करू नये, अशी शिफारस केली.

मग वजन कमी केलं की काम झालं?

इतकं सोपं नाही. अमेरिकेत टाइप २ मधुमेह असलेल्या जादा वजनाच्या पाच हजारांहून अधिक लोकांवर ‘लुक अहेड’ ही चाचणी झाली. आहार आणि व्यायामाने त्यांचं वजन घटलं, साखर सुधारली, पण हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत एकूण लक्षणीय फरक पडला नाही. नंतरच्या विश्लेषणात मात्र दोन गोष्टी दिसल्या. पहिल्या वर्षात वजन १० टक्के किंवा अधिक घटवलेल्यांमध्ये हा धोका कमी होता. आणि हार्ट फेल्युअरचा धोका कमी होण्याचा संबंध चरबी घटण्याशी होता, स्नायू घटण्याशी नव्हता.

टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजन घटवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. त्यांनी चरबी घटते, तसे काही प्रमाणात स्नायूही घटतात. आधीच स्नायू कमी असलेल्या भारतीयांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय, रील पाहून इंजेक्शन घेणं धोक्याचं. औषध सुरू असलं, तरी पुरेशी प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम हवाच.

घरी काय करता येईल?

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्या. पँटच्या नंबरावर जाऊ नका, कारण पँट बहुतेकदा पोटाच्या खाली बांधलेली असते. सोपा नियम असा: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसासाठी ही रेषा साडेबत्तीस इंचांवर येते.

माप जास्त आलं, तर घाबरून जाऊ नका, पण पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ते सांगा. साखरेसोबत रक्तदाब, कोलेस्ट्रॉल आणि मूत्रपिंडांची तपासणीही करून घ्या. जेवणात भात-पोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, अंडी वाढवा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा आणि तंबाखू सोडा.

काट्यावरचा आकडा ‘नॉर्मल’ असेल, तर उत्तमच. पण मधुमेह असेल, तर तो आकडा पाहून निश्चिंत होण्याआधी एकदा टेपलाही विचारून बघा.