मणक्याची गादी सरकली: ऑपरेशन मायक्रोस्कोपने, नळीने की दुर्बिणीने?

एमआरआयमध्ये ‘मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय’ असं निघालं की घरात चर्चा सुरू होते ती ऑपरेशनची. त्यात मोबाईलवर जाहिराती: ‘मोठा छेद नाही, लगेच घरी!’ पण छेद लहान म्हणजे गुण जास्त, असं खरंच असतं का? नेदरलँड्समधल्या तीन चाचण्यांचे निकाल पाहू.

फरक कुठे आहे?

गादीतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो आणि कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. हाच सायटिका. तिन्ही ऑपरेशनांत काढायचा असतो तो नस दाबणारा तुकडाच. वेगळी असते ती फक्त तिथे पोहोचायची वाट.

- मायक्रोडिस्केक्टॉमी: पाठीवर छोटा छेद, स्नायू हाडापासून बाजूला करून मायक्रोस्कोपखाली काम. १९७०च्या दशकात रुळलेली पद्धत.
- नळीची पद्धत: स्नायू न सोडवता त्यांचे तंतू फाकवून नळी आत घालतात.
- बाजूने एंडोस्कोपी: सेंटीमीटरभराच्या छेदातून दुर्बीण आत जाते. बऱ्याचदा पूर्ण भूल लागत नाही.

आकडे काय म्हणतात?

२००९ मध्ये ३२८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ‘बरं वाटतंय’ म्हणणारे नळीच्या गटात ६९ टक्के होते, तर नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टॉमीत ७९ टक्के. म्हणजे स्नायूंना कमी धक्का लागूनही गुण जास्त आला नाही.

२०२२ ची चाचणी ६१३ रुग्णांची. तिथे पायाचं दुखणं कमी करण्यात एंडोस्कोपी मायक्रोडिस्केक्टॉमीच्या मागे पडली नाही, उलट किंचित सरसच ठरली. पण फरक लहान होता. शिवाय या पद्धतीत हात बसायला वेळ लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची २००७ ची चाचणी. दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण. लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं लवकर थांबलं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते! थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. बाकीच्यांचं त्याशिवाय भागलं.

मग विचारायचं काय?

‘छेद केवढा?’ याच्या आधी हे विचारा: थोडं थांबलं तर चालेल का? माझ्या गादीचा तुकडा नेमका कुठे आहे, आणि तिथे कोणती वाट सोयीची? डॉक्टर, ही पद्धत तुम्ही किती वेळा केलीय? नवीन मशीनपेक्षा सरावलेला हात मोलाचा.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर तुलना करत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.