सातबाऱ्यावर समुद्र नाही

या आठवड्यात मालमत्तेच्या पुरवण्यांमधून तेच दोन शब्द पुन्हा जोडीने छापून आले: ‘सी टच’ आणि ‘सीआरझेड क्लिअर’. कोकणातल्या प्लॉटची जाहिरात या दोन शब्दांवाचून पुरी होत नाही. पहिला शब्द गिऱ्हाईक ओढण्यासाठी, दुसरा त्याची धास्ती घालवण्यासाठी. ‘क्लिअर’चा अर्थ मात्र फार छोटा आहे. भरतीरेषेपासून नियमात लिहिलेले अंतर सुटले आहे, एवढाच. तो किनारा गेल्या तीस वर्षांत जागेवर राहिला की मागे सरकला, पुढची तीस वर्षे तो कुठे असेल, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. याचा दोष मी जाहिरातदाराला कमी आणि नियमाला जास्त देतो. परवानगी देताना सरकारच जो प्रश्न विचारत नाही, त्याचे उत्तर प्लॉट विकणारा आपणहून देणार नाही.

नियमाचा इतिहास या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, 1991 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला भरतीरेषेपासून 200 मीटरची मनाई घातली आणि 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने त्या 200 चे दोन भाग केले. 2011 च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसे राहतात, तिथे रीतसर किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाला की मनाई फक्त 50 मीटरची. बाकी ठिकाणी 200 कायम. या एका आकड्यापाशी मला थांबायचे आहे. समुद्रापासून किती दूर बांधावे हे गावात किती माणसे राहतात यावरून ठरते, म्हणजे मोजणीत समुद्र कुठेच नाही. वाळूचा किनारा आणि जांभ्याचा कडा, नदीच्या मुखाशी दरवर्षी हलणारी दांडी आणि शतकानुशतके जागेवर असलेला खडक, या सगळ्यांना एकच माप. माणसे जास्त असतील तर उलट जास्त जवळ बांधू द्यायचे, हे तर मला अजूनही उमगलेले नाही. जिथे जास्त जीव धोक्यात, तिथे अंतर कमी कसे?

कोकणात या सूत्राने आणखी एक घोळ होतो. रत्नागिरी जिल्ह्याची घनता 2011 मध्ये चौरस किलोमीटरला 197 होती, सिंधुदुर्गाची 163. घनता काढताना गावाची सगळी जमीन धरली जाते: डोंगर, सडा, कातळ, बागायत, सगळे. कोळीवाड्यात घराला घर लागलेले असते, भिंतीभिंतींमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट असते. पण मागचा मैलभर मोकळा सडा भागाकारात आला की तेच गाव विरळ ठरते. म्हणजे दाटीवाटीने राहणाऱ्या मच्छीमाराला दाटीची सवलत नाही, आणि शहरालगतच्या पठारी गावाला ती मिळू शकते. दोघांच्याही दारातला समुद्र कसा वागतो, हे कुणी विचारलेलेच नाही.

आता अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याकडे पाहा. तिथे 1974 मध्ये किनारी क्षेत्राचा कायदा झाला आणि 1979 पासून समुद्रासमोरच्या घराचे अंतर धुपीच्या वेगावरून ठरते. किनारा वर्षाला सरासरी किती फूट मागे सरतो हे जागोजाग मोजायचे, त्याला तीसने गुणायचे, तेवढे अंतर सोडायचे. वर्षाला 5 फूट धूप असेल तर 150 फूट. धूप नगण्य असली तरी किमान 60 फूट. घर 5000 चौरस फुटांच्या वर गेले की गुणक साठ होतो, आणि प्रचंड इमारतींसाठी नव्वदपर्यंत चढतो, कारण मोठी इमारत उचलून मागे नेता येत नाही. मोजायचे तेही भरतीरेषेपासून नव्हे. वाळूवर टिकाऊ नैसर्गिक झाडोरा जिथे सुरू होतो, तिथून. हे मला फार शहाणपणाचे वाटते. भरतीरेषा नकाशावर शोधावी लागते, झाडोऱ्याची रेषा उघड्या डोळ्यांना दिसते. आपल्याकडे मर्यादवेल वाळूवर लांबच लांब फुटवे टाकत जाते, पेरापेराला मुळे धरते आणि वाळू बांधून ठेवते. लाटांचा मारा वाढला की आधी तीच तुटते, मग मागच्या सुरूची मुळे उघडी पडतात, मग सुरू आडवा होतो. तारकर्लीच्या बाजूचा कुठलाही माणूस ही क्रमवारी सांगेल.

या तुलनेत एक गोष्ट आपल्या बाजूच्या पर्यावरणवाद्यांना रुचणार नाही, पण ती सांगितली पाहिजे. शांत किनाऱ्यावर त्यांचे 60 फूट म्हणजे जेमतेम 18 मीटर, आपल्या 200 च्या दशांशाहूनही कमी. त्यांचा नियम आपल्यापेक्षा सरसकट कडक नाही. तो जागेप्रमाणे सैल होतो आणि जागेप्रमाणे आवळतो. आपला 200 मीटरचा नियम जांभ्याच्या उंच कड्यावरच्या वाडीला विनाकारण जाच करतो आणि तारकर्लीजवळच्या देवबागसारख्या ठिकाणी अपुरा पडतो. तिथे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची निमुळती पट्टी. दोन्हीकडून नियमाचे अंतर मोजत आले तर अनेक ठिकाणी मध्ये बांधायला काही उरत नाही, आणि जे उरते तेही सुरक्षित नाही. अशा जागी प्रश्न मीटरचा राहत नाही. ती पट्टी किती वर्षे टिकेल, हाच प्रश्न असतो.

त्यांच्या पद्धतीतला दुसरा भाग तर आपण उद्याच उचलावा असा आहे. तिथे समुद्रासमोर बांधायची परवानगी मागणाऱ्याला धोक्याच्या सूचनेवर सही करावी लागते. या जागेची वार्षिक धूप इतकी आहे, इथे समुद्रभिंत बांधू दिली जाणार नाही, घर लाटांच्या तोंडी आले तर ते हलवावे किंवा पाडावे लागेल, हे सगळे त्या कागदावर लिहिलेले असते. आता आपला सातबारा काढून पाहा. त्यावर खातेदार आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, पीक आहे, विहीर आहे, बँकेचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात आहे. समुद्राचा बोजा कुठेच नाही. मुंबई-पुण्याचा माणूस आयुष्याची पुंजी घालून पाच गुंठे घेतो तेव्हा त्याच्या हातात हाच कागद असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग त्याच नॉर्थ कॅरोलायनातली घरे समुद्रात का कोसळतात? आउटर बँक्सच्या रोडांथी आणि बक्स्टन या गावांत 2020 पासून दहाहून जास्त घरे लाटांनी उचलून नेली, त्यांची दृश्ये जगाने पाहिली. आक्षेप रास्त आहे, पण ती घरे नीट पाहावीत. त्यांतली बरीचशी 1970-80 च्या दशकांतली. बांधली तेव्हा समुद्र त्यांच्यापासून चांगला लांब होता. रोडांथीच्या काही भागांत किनारा वर्षाला 10 फुटांहून जास्त वेगाने सरकतो. तीस वर्षांच्या हिशेबाचे घर चाळिसाव्या वर्षी पडले, तर हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. मुदत संपल्यावर घर हलवायची हिंमत आणि पैसा कमी पडला, असे म्हणावे लागते. हा त्या पद्धतीचा खरा दोष आहे आणि तो आपण घेऊ नये. पण निदान मुदत असते, हे त्यांच्या नियमाला माहीत आहे.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. एवढे मोजमाप आपल्याकडे कुठे आहे, असे म्हणतात. ते आहे, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातला देशाचा किनारा तपासला: साधारण तिसरा हिस्सा धुपतो आहे, महाराष्ट्राचा सुमारे चौथा. याखेरीज जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या किनारा व्यवस्थापन प्रकल्पात सर्व्हे ऑफ इंडियाने ‘धोका रेषा’ आखली. पाण्याच्या पातळीतले चढउतार, समुद्राची वाढ आणि किनाऱ्याची धूप, सगळे धरून. मधल्या 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत ही रेषा क्षेत्राच्या व्याख्येतच होती. 2019 मध्ये तिला बांधकामाच्या नियमातून बाहेर काढून आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून बाजूला ठेवले. म्हणजे पाणी कुठवर येणार हे सरकारला ठाऊक आहे. माणसे वाचवायच्या वेळी ते वापरायचे, घर बांधायची परवानगी देताना मात्र वापरायचे नाही. ही फारकत कोणत्या तर्कावर केली, हे संबंधितांनी एकदा लोकांसमोर मांडावे.

तिसरा आक्षेप गावकऱ्यांचा, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. कोकणातला समुद्र पावसाळ्यात पुळण खातो आणि दसऱ्यानंतर परत देतो. एका जूनचा फोटो दाखवून आमची घरे धोक्यात ठरवू नका, असे ते म्हणतात. बरोबर म्हणतात. म्हणूनच वेग एका मोसमाचा न धरता कित्येक वर्षांचा धरायचा असतो. याचा फायदा गावालाच होईल, कारण ज्या किनाऱ्यावर वाळू दरवर्षी पुरती परत येते तिथे अंतर कमी करता येईल, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला स्वतःचे घर वाढवायला वाव मिळेल. 2011 च्या अधिसूचनेने पारंपरिक समाजाच्या घरांना 100 ते 200 मीटरच्या पट्ट्यात दिलेली सवलतही मेहेरबानीवर चालली. ती किनाऱ्याच्या मोजमापावर उभी असती तर तिला कुणी धक्का लावू शकला नसता.

अडचण अमलात आहे, हेही खरे. 2019 च्या नियमाने 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराची मंजुरी स्थानिक प्राधिकरणाकडे दिली. आराखड्याचा मूळ नकाशा 1:25000 चा. त्यावर 50 मीटर म्हणजे 2 मिलिमीटर. पेनाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली तरी ती जमिनीवरचे साडेबारा मीटर झाकते, म्हणजे एक अख्खे घर आणि त्याचे अंगण. गावपातळीचे साधारण 1:4000 चे नकाशे प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठीत, गट क्रमांकांसह लागले पाहिजेत. तोवर ‘क्लिअर’ कोण ठरवतो आणि कशावरून, याला काही अर्थ नाही.

आणि धूपप्रतिबंधक बंधारे. माझा हा विषय वाचकांना तोंडपाठ झाला असेल, तरी लिहितो. घर चुकीच्या जागी उभे राहिले की पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्याची मागणी येते. दगडांवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, बंधारा जिथे संपतो तिथून शेजाऱ्याची जमीन खाल्ली जाऊ लागते, मग शेजारी बंधारा मागतो. नॉर्थ कॅरोलायनाने काही मोजके अपवाद सोडता अशा पक्क्या भिंतींना 1985 पासूनच बंदी घातली आणि 2003 मध्ये तिचा कायदा केला. आपल्याकडे एका माणसाला दिलेल्या परवानगीची किंमत अशी साऱ्या गावाच्या पुळणीतून वसूल होते.

अंतराचा नियम बदलणे दिल्लीच्या हातात आहे, त्याला वेळ लागेल. सातबारा मात्र राज्याचा आहे. किनारी गावांतल्या ज्या गटांवरून धोका रेषा जाते, त्यांच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तशी नोंद घ्यायला महसूल खात्याला दिल्लीची वाट पाहावी लागू नये, आणि खरेदीखतावर घेणाऱ्याची त्या नोंदीखाली सही घ्यायलाही. सुरुवात देवबागपासून करावी.