हातोड्याला लेखणीचे वावडे का?

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातल्या हायस्कुलांच्या शिक्षक-खोल्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘याच्याच्याने काही व्हायचे नाही, याला आयटीआयला घाला.’ जणू आयटीआय ही शिकण्याची जागा नव्हे, टाकून देण्याची जागा आहे! दुसरीकडे, सभासमारंभांतून ‘कौशल्य, कौशल्य’ असा जप करणारी मंडळी विचारतात, ‘फिटरला निबंध कशाला हवा?’ हे दोन पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात; पण मुळात त्यांचे एकमत आहे. हाताने काम करणाऱ्याला लिहिता आले नाही तरी चालते, हे ते एकमत. माझे भांडण त्या एकमताशी आहे.

कर्नाटकातील एस.एस.एल.सी. परीक्षेची अलीकडच्या वर्षांची वेळापत्रके काढून पाहा. वाहनदुरुस्ती, किरकोळ विक्री, माहिती तंत्रज्ञान हे व्यवसाय-विषय तिसऱ्या भाषेच्या दिवशी, तिच्याच रकान्यात दिसतील. म्हणजे ज्याने व्यवसाय घेतला त्याने एक भाषा सोडायची. ‘कामगाराला भाषा कमी पुरते’ असे कोणी कागदावर लिहिलेले नाही. वेळापत्रक मात्र तेच सांगते. आमच्या मराठी मुलाला तर तीन भाषांवाचून गत्यंतर नाही. त्याचे घर मराठीत चालते, तहसीलदार कचेरी कन्नडमध्ये चालते आणि यंत्राचे माहितीपुस्तक इंग्रजीत येते. तिवईचा एक पाय कापायचा आणि तिच्यावर मुलाला उभे करायचे, असा हा प्रकार आहे.

बरे, लेखनाच्या तासाची अवस्था तरी काय आहे? निबंध ठरलेले, पत्रे ठरलेली आणि गाईडमधली उत्तरेही ठरलेली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिणाऱ्या साठ मुलांच्या वह्यांत एकच मोर नाचतो. खानापूरकडच्या पोराने पाहिलेला पाऊस ओढे भरून रस्ता अडवणारा असतो. वहीत मात्र तो ‘रिमझिम’च पडतो. पहिल्या बाकावरच्या मुलालाही हा अभ्यासक्रम लिहायला शिकवत नाही, उतरवायला शिकवतो. तेव्हा हुशारांना लिहिता येते आणि बाकीच्यांना येत नाही, या भ्रमात कोणी राहू नये.

याची किंमत कोण मोजतो? माझा एक माजी विद्यार्थी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. प्रेसचा गार्ड सैल झाल्याचे त्याने वरिष्ठांना आठ दिवस तोंडी सांगितले. नवव्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटे गेली. अपघाताचा जबाब कार्यालयातल्या माणसाने लिहिला, त्यात ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे घातले, आणि दहावी पास झालेल्या या मुलाने त्याखाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा घडले ते सगळे त्याने पाच मिनिटांत, तारीखवार, चोख सांगितले. ‘गार्ड सैल आहे, दुरुस्त करावा’ एवढी एक ओळ, तारीख-सहीनिशी, त्याच्यापाशी असती तर त्या जबाबाला उत्तर देता आले असते. शाळेत त्याने चाळीस तरी निबंध लिहिले असतील. अशी एक ओळ अभ्यासक्रमाने त्याच्याकडे कधी मागितली नाही.

हे दुखणे नवे नाही, औषधही नवे नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे ज्ञान ही सारी एकाच यादीत होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, तीत हस्तोद्योग मध्यभागी आणि भाषा-गणित त्याच्याभोवती गुंफलेले होते. पुढे मात्र टक्केवारी सुरू झाली. १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले. १९९२ साली ती मुदत २०००पर्यंत ढकलली. २०२०च्या धोरणाने किमान निम्म्या विद्यार्थ्यांसाठी २०२५ ही तारीख घातली. किती मुले ‘वळवायची’ याचा हिशेब झाला. वळवलेल्या मुलाच्या हातात लेखणी राहणार की नाही, याची चर्चा माझ्या कानांवर आली नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी आपल्याच गावाचा इतिहास आठवावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. पुढे लोखंडी नांगर झाला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची खबरबात देणारे ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांनी नामांकित मासिकाच्या पायरीला नेले. जिथे नांगर घडत होता तिथेच मराठी गद्यही घडत होते. हातोड्याला लेखणीचे वावडे तेव्हा नव्हते. ते आपण लावले.

‘यासाठी वेळ कुठे आहे?’ असे माझे सहकारी विचारतात. एका वहीला पाच मिनिटे धरली तर साठ वह्यांना पाच तास लागतात, हे गणित मलाही येते. म्हणून आठवड्याला पंधराच वह्या घ्या. महिन्यात प्रत्येक मुलाची एकदा नीट तपासून होईल. विषय गाईडमध्ये नसावा, एवढीच अट. सायकलचे पंक्चर कसे काढावे ते असे लिही की वाचून दुसऱ्याला काढता आले पाहिजे. शहापूर-वडगावच्या विणकराच्या मुलीने घरच्या मागाविषयी लिहावे, खानापूरच्या कुंभाराच्या मुलाने भट्टीविषयी. दोन खोल्यांच्या वायरिंगच्या खर्चाचा अंदाज लिहावा, सामानाच्या यादीसह. थकलेल्या मजुरीबद्दल मालकाला पत्र लिहावे, सभ्य पण ठाम. ज्याला हे मराठीत नीट मांडता येते, त्याला तोच मजकूर कन्नडमध्ये मांडायला शिकवता येते. ज्याच्या मनातच मांडणी नाही, तो दोन्हीकडे मुका राहतो.

पाटीवरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवे. पण ती पाटी रंगवणाऱ्या पोराला तिच्या खर्चाचा अंदाज स्वतः लिहून देता येतो का, हे आपण कधी विचारले? भाषा सभेच्या ठरावांनी जगत नाही. ती बिलात, अर्जात, जबाबात लागते, तेव्हा जगते.

म्हणून सरकारकडे माझी मागणी एकच : व्यवसाय-विषय जरूर द्या, पण भाषेच्या बदल्यात देऊ नका. आणि शाळाचालकांनो, तुमच्याकडे मागणी त्याहून सोपी आहे. निकालाची टक्केवारी तुम्ही फलकावर लावता. येत्या जूनपासून मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली पंधरा पाने दर आठवड्याला त्याच फलकावर लावा. गावाला वाचू द्या.