नर्सिंगला जायचंय? मग मधली नोकरी पारखून घ्या

बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि नर्सिंगचे प्रवेश पुरे व्हायला पावसाळा सरत येतो. मधल्या महिन्यांत चौक, मोहोपाडा, खालापूर, कर्जत या पट्ट्यातली पुष्कळ मुलं-मुली कुठेतरी कामाला लागतात. घरात पैशांची ओढाताण असते, फीची जमवाजमव करायची असते. कामात कमीपणा काहीच नाही. पण ज्यांना नर्स व्हायचंय, त्यांच्यापुढे याच दिवसांत एक फसवी वाट येते. तिच्याविषयी आधी बोलू.

छोट्या खासगी दवाखान्यावर "मुलगी पाहिजे" अशी पाटी लागते. केसपेपर काढायचे, फोन घ्यायचे, एवढंच काम सांगतात. महिनाभरात अंगावर पांढरा ॲप्रन चढतो, पेशंट "सिस्टर" म्हणायला लागतात आणि एक दिवस हातात सिरिंज येते. "आम्ही शिकवतो की, कोर्स कशाला हवाय?" असं वर ऐकायला मिळतं. घरचेही सुखावतात, पोरगी दवाखान्यात लागली म्हणून.

मुलींनो, तिथे थांबा. नर्स व्हायला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, आणि कला शाखेची बारावी असली तरी चालते. जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. हे दोन्ही मुलांनाही खुले आहेत. बी.एस्सी.ला बारावीत जीवशास्त्रासह विज्ञान आणि सीईटी हवी. दवाखान्यात बिननोंदणीचं पाच वर्षं राबलात, तरी त्यातला एक दिवससुद्धा या नोंदणीत धरला जात नाही. आणि तुम्ही दिलेल्या इंजेक्शनने कुणाला रिॲक्शन आली, तर पेशंटचे नातेवाईक आधी तुम्हालाच जाब विचारतील. सहा महिन्यांत "नर्सिंग" शिकवणारे, गल्लीतले क्लासही याच माळेचे मणी. पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहा.

मग काम करायचं तरी कोणतं? माझं सांगणं एवढंच: सुई धरायला शिकवणारं नको, माणूस सांभाळायला शिकवणारं काम घ्या. सुई कॉलेजात शिकवतातच, तीही नीट.

दवाखान्यातच राहायचं असेल तर केसपेपरच्या टेबलावर राहा. ताप आलेलं पोर घेऊन ठाकूरवाडीतून चालत आलेली बाई नाव सांगताना का बिचकते, वय विचारल्यावर का गप्प होते, हे त्या टेबलावर कळतं. तिला दोन शब्द धीराचे देता आले की नर्सिंगचा मोठा धडा झाला. मेडिकल दुकानात माल लावा, एक्स्पायरी तपासा, बिलं करा, औषधांची नावं ओळखीची होतील. मात्र चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे, ते अंगावर घेऊ नका. लॅबमध्ये पावत्या करा, रक्त काढू नका.

पनवेल-खोपोलीकडे घरी वृद्धांना सांभाळण्याची कामं ब्युरोमार्फत मिळतात. अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, भरवणं. किळस जाते की नाही, हे इथे आठवड्यात कळतं. ती जात नसेल तर फी भरण्याआधी कळलेलं बरं. पण काम दिवसाचंच घ्या. चोवीस तास त्याच घरी राहायची ड्युटी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने घेऊ नये. ब्युरो पगारातून किती कापतो, तेही आधी विचारा.

कर्जतच्या रिसॉर्टमधलं शनिवार-रविवारचं कामही वाया जात नाही. दिवसभर उभं राहायचं, चादरी ताठ घालायच्या, चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलायचं, हे सगळं वॉर्डात उपयोगी पडतं. आणि विज्ञान पक्कं करायचं असेल तर आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घ्या. शिकवताना आपलंच जीवशास्त्र घटवलं जातं.

एक काम पैशांचं नाही म्हटलं तरी चालेल, पण चुकवू नका. पल्स पोलिओच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्वयंसेवक लागतात का, ते विचारा. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच पट्ट्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर गाडी जात नव्हती. मदतीला गेलेल्यांना डोंगर पायीच चढावा लागला. गाडी न पोचणाऱ्या वाड्या आपल्याकडे अजून आहेत आणि तिथल्या बाळांना लस द्यायला एएनएम सिस्टरला पायपीट करावी लागते. तिच्याबरोबर एक दिवस फिरून या. हे काम आपल्याला झेपेल का, याचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्या चढावर लवकर मिळेल.

काम पत्करण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या. पगार किती आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. शक्यतो बँकेत जमा करायला सांगा. परतीची शेवटची एसटी किंवा सहाआसनी कधी, ते पाहूनच वेळ कबूल करा. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्या दुकानांना-रिसॉर्टना लागू आहे, तिथे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला मालकाकडे अजिबात ठेवू नका, झेरॉक्स द्या. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद लागतात आणि नेमके तेव्हाच ते अडकवले जातात.

दवाखाना-लॅबमध्ये असाल तर कावीळ-बी ची लस मागा. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. कावीळ-बी चे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोक आरपार न जाणाऱ्या डब्यातच जातात. त्या गोळा करायला कुणी साधी पिशवी दिली, तर सरळ नाही म्हणा.

आणि काम सोडायची तारीख पहिल्याच दिवशी सांगून टाका. नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्णवेळ असतो, वर्गाला ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातले तास तर पूर्णच भरावे लागतात. "थोडं कॉलेज, थोडी नोकरी" तिथे निभत नाही. फीची धास्ती असेल तर नोकरीला चिकटून बसण्याआधी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या पाहा. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. तुमचं कॉलेज आणि तुमचा कोर्स त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढायला टाका. तहसीलच्या खेपांत महिना सहज जातो.

आई-बाबांनो, पोरीच्या पहिल्या पगाराचं कौतुक जरूर करा, पण त्या पगारासाठी तिचा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलू नका. आणि डॉक्टरसाहेब, तुमच्या टेबलावर बसलेल्या मुलीच्या हाती सिरिंज देण्याऐवजी सीईटीच्या आधी तिला पंधरा दिवस सुट्टी द्या. आपल्या तालुक्याला शिकलेल्या, नोंदणी झालेल्या सिस्टर हव्या आहेत.