सोयाबीन निघू दे

मालेगाव तालुक्यातल्या जऊळका रेल्वेसारख्या गावात हातउसने पैसे देताना कोणी कागद करत नाही. देणारा भाऊजी, घेणारा साळा. कागदाचं नाव काढलं की "माह्यावर भरोसा नाही का?" हे ठरलेलं. पेरणीला, दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला पैसे जातात आणि परतीचा वायदाही ठरलेला असतो: "सोयाबीन निघू दे." सोयाबीन निघतं, भाव पडलेला असतो, आधी कृषी केंद्राची उधारी भागते, वायदा पुढच्या हंगामावर जातो. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. कास्तकाराच्या हाती खरंच काही उरत नाही.

पण 1963 चा मुदत कायदा हंगामाला विचारत नाही. परतीची तारीख ठरली नसेल, तर पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. जून 2023 मध्ये पेरणीला दिलेल्या पैशाची मुदत जून 2026 मध्ये सरते. म्हणजे तीन सोयाबीनं ऐकून घेतली की संपलं! मधल्या काळात चारचौघांत शंभरदा म्हटलेल्या "देतो ना"ने ही मुदत एक दिवसही वाढत नाही. घेणाऱ्याने मुदतीच्या आत "इतके देणे आहे" असं लिहून सही केली, तर मात्र त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. तेव्हा दिवाळीला पैसे नसतील तर पैसे मागू नका, सही मागा.

ती मागायची लाज वाटते, हेच खरं दुखणं. घेणारा लग्नात पुढच्या पंगतीला बसतो आणि देणारा मांडवात तोंड चुकवतो. कागद म्हणजे अविश्वास, असं ज्यांना वाटतं त्यांनी तुकोबांची गोष्ट आठवावी. कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती त्यांनी आपल्या वाट्याची. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्या हवाली केली, असं परंपरा सांगते. सोडायचं किती आणि ठेवायचं किती, हे खतं होती म्हणूनच कळलं. तोंडी उसनवारीत माफही करता येत नाही, नुसते पैसे बुडतात.

वैताग वाढला की लोक पोलीस ठाणं गाठतात. तिथे बहुधा "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" एवढंच ऐकायला मिळतं. चेक घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट पाहायची, पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार करायची. गोव्यातल्या अशाच एका सहा लाखांच्या मैत्रीतल्या कर्जात आरोपी म्हणाला, मित्राला बँकेचं कर्ज मिळावं म्हणून मी कोरा चेक सही करून दिला होता. 2009 मध्ये हायकोर्टात तो सुटला. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बचाव झिडकारला आणि हेही सांगितलं की, वीस हजारांवर रोखीने कर्ज घेतल्याने आयकराचा नियम मोडला तरी येणं खोटं ठरत नाही. न्याय मिळाला, मधली सोळा वर्षं मात्र कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली.

आणि व्याजाचं. भावकीत एकदा मदत करणं वेगळं, परवान्याशिवाय शेकडा तीन-चारने गावभर पैसे फिरवणं वेगळं. तसं करणाऱ्याला 2014 च्या सावकारी कायद्याने वसुली राहिली बाजूला, स्वतःच जबाब द्यावा लागतो. तिथे सहानुभूती कशाला?

मुदत उलटून गेलेल्यांनाही एक वाट आहे. मुदतीने दाव्याचा हक्क जातो, देणं पुसलं जात नाही. घेणाऱ्याने ते जुनं देणं फेडण्याचं वचन नव्याने लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे ते वचन कोर्टात चालतं. मात्र ते त्याने राजीखुशीने द्यायचं; तिथे जबरदस्ती चालत नाही.