नाव कोणाचे, पावती कोणाच्या नावे?



या सदरात आम्ही विम्याचे हप्ते, भिशी, पतपेढीचे व्याज अशा घरगुती हिशेबाच्या गोष्टी लिहीत आलो आहोत. आजचा विषय जरा नवा आहे, पण त्यातली फसगत जुनीच आहे. इंटरनेटवर आपल्या धंद्याचा पत्ता घ्यायचा, म्हणजे ज्याला डोमेन नाव म्हणतात ते नोंदवायचे, तर ते कोणाकडून नोंदवावे, किती पैसे मोजावेत आणि मोजण्यापूर्वी काय विचारावे, हे आज पाहू.

"हे आपल्याला कशाला?" असे कोणी म्हणेल. त्यांनी एकदा पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यातून फिरून यावे. घरोघर मूर्तींचे कारखाने आहेत. इथला माल मुंबई-पुण्याला जातो, परदेशातही जातो. आपल्या वस्तीतील मुले-मुलीही या कारखान्यांत घासकामापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतची कामे रोजावर करतात. हात बसला की एखादा हिंमत करतो आणि स्वतःची शेड टाकतो. मग गिऱ्हाईक कुठून आणायचे? पूर्वी दलाल आणीत असे व मधली मलई तोच खात असे. आता गिऱ्हाईक मोबाईलवर शोधून थेट येते. तेव्हा हा पत्ता म्हणजे चैन नव्हे, दुकानाची पाटीच आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. ज्या पत्त्यांच्या शेवटी 'डॉट कॉम' असते, त्या सर्वांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी ठेवते. त्यावर १९९८ साली स्थापन झालेल्या 'आयकॅन' या संस्थेची देखरेख असते. 'डॉट इन' ही आपल्या देशाची वही. ती 'निक्सी' म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. एके काळी हे काम मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. तेव्हा नियम इतके कडक होते, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ पासून मात्र डॉट इन सर्वांना खुले झाले.

ही वही ठेवणारे आपल्याशी थेट व्यवहार करीत नाहीत. मध्ये असतात रजिस्ट्रार, म्हणजे मान्यताप्राप्त नोंदणी कंपन्या. गोडॅडी, नेमचीप, बिगरॉक, होस्टिंगर ही त्यांतली आपल्याकडे चालणारी नावे. त्यांच्याही खाली उपविक्रेते असतात, आणि त्याहून खाली आपल्या तालुक्याच्या गावी "वेबसाइट बनवून मिळेल" अशी पाटी लावून बसलेला मुलगा. आपला संबंध बहुधा या शेवटच्या मुलाशीच येतो. गोंधळही तिथेच होतो.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. "नाव विकत घेतले" असे आपण म्हणतो, पण हे खरेदीखत नव्हे, हा भाडेपट्टा आहे. एका वेळी एक ते दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. मुदत संपली की पुन्हा भरायचे. त्याला नूतनीकरण म्हणतात, आणि रजिस्ट्रार कंपन्यांची कमाई नवीन नोंदणीत नसून या नूतनीकरणात आहे.

आता भावाकडे वळू. जाहिरात असते, "डॉट कॉम फक्त ९९ रुपयांत!" आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. असा भाव दिसला की पहिला प्रश्न मनात येतो, याचा घाऊक भाव काय? डॉट कॉमच्या एका वर्षासाठी रजिस्ट्रारला व्हेरिसाइनकडे जी रक्कम भरावी लागते ती जगजाहीर आहे. २०१२ पासून २०२१ पर्यंत ती ७.८५ डॉलर होती. नंतर दर वर्षी वाढत जाऊन सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाली. रुपयांत मांडली तर साडेआठशेच्या पुढेच जाते. ज्याची खरेदीच साडेआठशेची आहे तो आपल्याला ९९ ला देतो, तो काय धर्मादाय करतो? राहिलेले पैसे तो दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी वसूल करणार, किंवा सोबत काहीतरी गळ्यात मारणार.

समजण्यापुरते दोन आकडे घेऊ. 'अ' कंपनी पहिल्या वर्षी ९९ रुपये घेते आणि पुढे दरवर्षी १४०० रुपये. 'ब' कंपनी पहिल्या वर्षी ८०० घेते आणि पुढे ९००. पाच वर्षांत 'अ'चे होतात ५६९९ रुपये, 'ब'चे ४४००. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे 'अ'ला ६७२४ रुपये ८२ पैसे गेले, 'ब'ला ५१९२. स्वस्त दिसणारी कंपनी पंधराशे रुपयांहून अधिक महाग पडली. म्हणून भाव विचारताना "पहिल्या वर्षी किती?" असे विचारूच नये. "पाच वर्षांचे करासकट किती?" असे विचारावे. नूतनीकरणाचा दर बहुतेक वेळा बारीक अक्षरात किंवा दुसऱ्याच पानावर असतो. तो शोधून कागदावर उतरवून घ्यावा. हा दर पुढे वाढू शकतो, हेही धरून चालावे.

पैसे भरतानाच्या पानावर आणखी एक गंमत असते. ईमेल, सुरक्षा प्रमाणपत्र, गुप्तता, वेबसाइट बनवण्याचे साधन अशा चार-पाच गोष्टी आधीच खुणा करून बिलात घातलेल्या सापडतात. खूण काढली नाही तर ९९ चे दोन हजार होतात. यांपैकी सुरक्षा प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था २०१५ पासून फुकट देते आणि जागा भाड्याने देणाऱ्या पुष्कळ कंपन्या ते आपोआप बसवून देतात. छोट्या शेडला त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

अर्थात भावाची तुलना करता येते हेही आपले नशीबच. १९९५ पर्यंत नावे फुकट नोंदली जात होती. मग नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीला दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्याची मुभा मिळाली. दुसरे दुकानच नव्हते, तर भाव कोणाशी ताडून पाहणार? १९९९ मध्ये दुसऱ्या कंपन्या आल्या, तेव्हा कुठे दर खाली आला.

परंतु केवळ भाव पाहून भागत नाही, हे आम्ही हमरापूरच्याच एका कुटुंबात पाहिले. घरातले बापलेक हंगामात कारखान्यात रोजावर आखणी करतात. उरलेल्या दिवसांत स्वतःच्या शेडमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे घडवतात. १४ एप्रिलच्या ऑर्डरी फेब्रुवारीत येऊ लागतात. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा तोच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शहरातल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. नाव, जागा, बनावट, सगळे मिळून एक ठोक रक्कम दिली. पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोच्या मागे तोच पत्ता रंगवला. ऑर्डरी येत होत्या.

मग एका फेब्रुवारीत वेबसाइट उघडेना. चौकशी केली तर नावाची मुदत संपलेली. ज्या मुलाने काम केले त्याने दुकान बंद केले होते, फोन लागत नव्हता. मुदत संपण्याच्या सूचना गेल्या होत्या त्याच्या ईमेलवर. थोरल्या मुलाने कंपनीला फोन केला. तिकडून उत्तर आले, "दादा, हे खाते तुमच्या नावावर नाही. ज्यांचे खाते आहे त्यांनाच सांगा." घरात पैसे दिल्याची वही होती, तारखा होत्या, पण नोंदवहीत नाव दुसऱ्याचे. कसायचे आपण आणि सातबारा दुसऱ्याचा, तशीच ही गत. तरी मुलगा त्या वेबसाइटवाल्याचा पत्ता शोधत हिंडत राहिला आणि हंगाम हातचा गेला.

अशा वेळी मुदत कशी संपते तेही सांगतो. डॉट कॉमची मुदत टळली की कंपनीच्या धोरणाप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येते. काही कंपन्या याहून कमी दिवस देतात. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात नाव परत मिळते पण जबर दंड भरून. हा दंड किती, ते कंपनीच्या दरपत्रकात असते, आणि तोही तुलना करण्याचाच आकडा आहे. पुढे पाच दिवस नाव कोणालाच मिळत नाही, आणि मग जो आधी येईल त्याचे. या कुटुंबाचे नाव असेच सुटले. आज तो पत्ता उघडला तर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते. टेम्पोमागचा पत्ता पुसावा लागला. रंगवणारे घरचेच म्हणून तेवढा खर्च वाचला.

चूक मोठमोठ्यांचीही होते. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या आपल्या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि ऐन नाताळात हॉटमेलचे लोक अडकले. अमेरिकेतल्याच एका संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरून ते सोडवले. आपल्यासाठी असा कोणी धावून येणार नाही.

तेव्हा सेवा पाहायची म्हणजे काय पाहायचे? पैसे भरण्याआधीच मदतीच्या क्रमांकावर फोन लावून बघावा. किती वेळ धरून ठेवतात, हिंदी-मराठीत बोलणारे माणूस मिळते का, की यंत्रच "एक दाबा, दोन दाबा" करीत राहते, हे पाच मिनिटांत कळते. पैसे घेण्याआधी जो नीट बोलत नाही तो नंतर काय बोलणार! मग विचारावे, खाते माझ्या नावे, माझ्या मोबाईलवर, माझ्या ईमेलवर उघडता येईल ना? जीएसटीचे पक्के बिल मिळेल ना? आयकॅनच्या नियमाप्रमाणे कंपनीने मुदतीपूर्वी साधारण एक महिना व एक आठवडा आधी आणि मुदत टळल्यावर पाच दिवसांत अशा सूचना द्यायच्या असतात. त्या सूचना आपल्याच ईमेलवर येतील अशी व्यवस्था हवी. घरात ईमेल रोज पाहणारे माणूस कोण, तेही ठरवून टाकावे. बहुतेक घरांत ती कॉलेजला जाणारी मुलगी असते.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. तो म्हणजे, "तुमच्याकडून निघायचे झाले तर कसे?" नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेता येते, जसा मोबाईल नंबर नेता येतो. त्यासाठी एक हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक लागतो आणि मागितल्यापासून पाच दिवसांत तो मिळाला पाहिजे असा डॉट कॉमसाठी नियम आहे. नवीन नोंदणीनंतर किंवा एकदा हलवल्यानंतर साठ दिवस मात्र नाव हलवता येत नाही. डॉट कॉम हलवताना जे पैसे भरतो त्यात पुढचे एक वर्ष मिळते, म्हणजे ते वाया जात नाहीत. बाहेर पडण्याची वाट जिथे मोकळी, तिथेच आत जावे. कारण कंपन्याही हात बदलतात. मुंबईच्या तुरखिया बंधूंच्या डिरेक्टी कंपनीचा बिगरॉक २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीने घेतला. २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेनचा सगळा धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला. गिऱ्हाइकाला यात कोणी विचारीत नाही.

नाव कोणते घ्यावे याबद्दल थोडेसे. फोनवर सांगता येईल असे घ्यावे. रोमन लिपीत हमरापूर लिहिताना कोणी 'म'नंतर आणखी एक 'ए' टाकतो, कोणी नाही. कोणी 'पूर'ला एक 'यू' लिहितो, कोणी दोन 'ओ'. गिऱ्हाईक चुकले की गेले. देवनागरीतही पत्ता घेता येतो. 'डॉट भारत' ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्यात मराठी आहे. आम्हाला त्याचे फार कौतुक आहे. पण अशा पत्त्यावरचे ईमेल सगळीकडे चालतेच असे नाही, म्हणून पैसे पुरत असतील तर ते दुसरे नाव म्हणून घ्यावे.

त्या हमरापूरच्या कुटुंबाने आता नवे नाव घेतले आहे, डॉट इनचे. तीन कंपन्यांचे पाच वर्षांचे आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडले. सर्वांत स्वस्त कंपनीचा फोन कोणी उचलला नाही, म्हणून दुसरी निवडली. खाते सुनेच्या नावे उघडले, कारण हिशेब तीच ठेवते. पैसे एकदम पाच वर्षांचे भरले. पासवर्ड वहीत लिहून ती वही वीजबिलांच्या फाइलीत ठेवली आहे. वेबसाइट बनवायला पुन्हा शहरातलाच एक मुलगा आहे, त्याला कामापुरता प्रवेश दिला आहे. खाते दिलेले नाही.